जाळ्यात मेला पण वहीत नाही: नोंद न होणाऱ्या मासळीच्या मृत्यूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासळीच्या साठ्याचा विषय निघाला की सगळे कोटा, परवाने, बंदीचा काळ यावर बोलतात. बोलायलाच हवं, पण या सगळ्याच्या बुडाशी एकच आकडा असतो, मासेमारीमुळे या वर्षी एकूण किती मासे मेले. आपण मोजतो मात्र बंदरात किती उतरले ते, आणि या दोन आकड्यांमध्ये जे राहून जातं त्याबद्दल लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. थोडं लांबलंय, हवं ते वाचा.

नोंद न होणारे मृत्यू म्हणजे नक्की कुठले?

मासेमारीमुळे मेला, पण बंदरातल्या वजनकाट्यावर कधी आलाच नाही आणि लॉगबुकमध्येही चढला नाही असा प्रत्येक मासा. बोटीवरून परत फेकलेला, जाळ्याच्या भोकातून निसटून दोन दिवसांनी मेलेला, गळाला लागला पण वर ओढताना सुटून गेलेला, हरवलेल्या जाळ्यात अडकून कुजलेला, चोरून पकडून चोरून विकलेला, सगळे यात आले. शास्त्रज्ञ लोक मासेमारीच्या एकूण मृत्युदराला एफ म्हणतात आणि हा एफ बऱ्याच तुकड्यांनी बनतो. आयसेस म्हणजे उत्तर अटलांटिकच्या बाजूच्या देशांची समुद्रशास्त्राची जुनी संस्था, तिथे १९९० च्या दशकात यावर खास अभ्यासगट होता आणि त्यांनी या तुकड्यांची यादीच केली होती. बंदरात उतरलेला माल, हौशी गळवाल्यांनी पकडलेला, बेकायदेशीर किंवा खोटा नोंदवलेला, फेकून दिलेला, वर ओढताना गळालेला, निसटून मेलेला, जाळं चुकवण्याच्या धडपडीत दमून मेलेला, हरवलेल्या जाळ्यात मेलेला, निसटल्यावर अर्धमेल्या अवस्थेत दुसऱ्या माशाने खाल्लेला, आणि तळाचं घर मोडल्यामुळे मेलेला. यातला पहिला तुकडा आपण बऱ्यापैकी मोजतो, दुसऱ्या-तिसऱ्याचा अंदाज लागतो, फेकलेल्यांचा काही ठिकाणी लागतो, बाकीच्यांसमोर बहुतेक वेळा सरळ शून्य लिहिलेलं असतं.

म्हणजे बायकॅचच ना?

नाही, लोक इथेच गोंधळ करतात. बायकॅच म्हणजे जो मासा पकडायचा नव्हता तो जाळ्यात आला, आता तो आणून विकला आणि नोंदवला तर हिशोबात आला, विषय संपला. उलट ज्या माशासाठी बोट गेली तोच मासा लहान निघाला म्हणून फेकला तर तो नोंदीबाहेर राहू शकतो. प्रश्न मासा हवा होता का नको होता हा नाहीच, मेला आणि मोजला का एवढाच आहे.

जगभरात हे किती होतं, काही आकडा आहे का?

फेकलेल्या मासळीचे अंदाज आहेत. एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, १९९४ मध्ये छापलेल्या अभ्यासात वर्षाला साधारण २.७ कोटी टन मासळी समुद्रात परत फेकली जाते असा अंदाज होता, २००५ च्या अभ्यासात तो ७३ लाख टनांवर आला आणि २०१९ च्या अभ्यासात साधारण ९१ लाख टन, म्हणजे एकूण पकडीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा तळाला घासत जाणाऱ्या ट्रॉलचा, म्हणजे बोटीमागून ओढत नेतात त्या पिशवीसारख्या जाळ्याचा. आता २.७ कोटीवरून ७३ लाख म्हणजे वा, केवढी सुधारणा असं लगेच म्हणू नका, हिशोबाची पद्धतच बदललेली आहे त्यामुळे हे आकडे एकाखाली एक मांडून वजाबाकी करता येत नाही. शिवाय कमी फेकलं जाण्याचं एक कारण असंही आहे की पूर्वी जे फेकायचे ते आता फिशमील म्हणजे माशांचं पीठ आणि खाद्यासाठी आणतात, मासा दोन्हीकडे मेलाच, फक्त नोंदीत आला.

बेकायदेशीर आणि न नोंदवलेल्या पकडीचा २००९ चा एक अंदाज वर्षाला १.१ ते २.६ कोटी टन असा होता. आणि डॅनियल पॉली आणि डर्क झेलर या मासळीच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये देशोदेशीच्या पकडी नव्याने बांधून काढल्या तेव्हा १९९६ साली जगाची खरी पकड १३ कोटी टनांच्या आसपास असावी असं निघालं, अधिकृत आकडा ८.६ कोटी टन होता. या पद्धतीवर वाद झाले, होणारच, पण अधिकृत आकडा कमी दाखवतो यावर फारसा कोणाचा वाद नाही.

मात्र हे सगळे आकडे मुख्यतः डेकवर आलेल्या माशांचे आहेत. पाण्याखाली निसटून मेलेल्यांचा असा जागतिक आकडा यात कुठेच नाही.

परत सोडलेला मासा जगतो ना, मग त्याला मेलेला का धरायचं?

काही जगतात, काही अजिबात नाही, आणि सगळा खेळ कोणता मासा, किती खोलीवरून, किती वेळ ओढला आणि डेकवर किती वेळ पडून राहिला यावर आहे. खेकडे, शेवंड, सापळ्यातून आलेली कवचवाली मंडळी चिवट असतात. चपट्या माशांमधले आणि पाकट जातीचे बरेच वाचू शकतात जर ओढ छोटी असेल आणि लवकर पाण्यात टाकले तर. पण कॉड-हॅडॉकसारखा हवेची पिशवी असलेला मासा खोल पाण्यातून ट्रॉलमध्ये वर आला की पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. तो परत टाकला तरी खाली जाऊच शकत नाही, वर तरंगत राहतो आणि पक्षी त्याला टिपतात. वरून बघणाऱ्याला वाटतं जिवंत सोडला.

मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने यावर कायदाच केला, त्यानुसार २०२२ मध्ये खडकाळ भागातली मासळी पकडणाऱ्या बोटीवर माशाला परत खोलवर नेऊन सोडणारं साधन किंवा पिशवीतली हवा काढायची सुई तयार ठेवणं सक्तीचं झालं, धंदेवाईक बोट असो की हौशी. साधन साधंच असतं, वजन लावलेली चाप, ती माशाला खाली नेते, दाब वाढला की पिशवी परत आकसते आणि मासा पोहत निघून जातो.

हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं कारण तिथे अंदाजाला लाजत नाहीत. उत्तर पॅसिफिकमध्ये ३२ इंचांपेक्षा लहान हॅलिबट लाँगलाइनवर, म्हणजे खूप गळ लावलेल्या लांब दोरीवर, आला तर सोडावाच लागतो, आणि आंतरराष्ट्रीय हॅलिबट आयोग अशा सोडलेल्यांपैकी १६ टक्के मेले असं धरून ते साठ्याच्या हिशोबात टाकतो. जिवंत सोडला म्हणून शून्य नाही, आणि सगळे मेले असंही नाही. ट्रॉलमधून आलेल्या हॅलिबटसाठी दर बराच जास्त धरतात, म्हणून अलास्कात काही बोटींना डेकवरच भराभर निवडून हॅलिबट परत टाकायची मुभा दिली, कारण खाली फॅक्टरीच्या टाकीत जाऊन परत येईपर्यंत तो संपलेला असतो.

जाळ्याच्या भोकातून निसटला तो तर वाचलाच की?

हीच समजूत सगळ्यात महागात पडते, कारण जाळ्याचा डोळा म्हणजे भोक मोठं ठेवायचा अख्खा नियमच तिच्यावर उभा आहे. म्हणजे असं बघा, डोळा मोठा केला की लहान मासा निसटेल, निसटलेला मोठा होईल, अंडी घालेल, पुढच्या वर्षी जास्त वजनाचा मिळेल. कागदावर सुंदर. पण निसटताना त्याचे खवले घासले जातात, ट्रॉलपुढे पळून पळून तो दमलेला असतो, आणि दमलेला मासा शिकारी माशाला सोपा.

प्रयोग झालेत. ट्रॉलच्या पिशवीला बाहेरून आणखी एक बारीक जाळ्याचं कव्हर लावायचं, निसटलेले मासे त्यात गोळा करायचे, मग ते कव्हर सोडवून पिंजऱ्यासारखं पाण्यातच ठेवायचं आणि आठवडा-दोन आठवडे बघत बसायचं. कॉड बहुतेक वाचतो, हॅडॉक थोडा कमी, पण बाल्टिक समुद्रातल्या हेरिंगवर १९९० च्या दशकात हे केलं तेव्हा निसटलेल्यांपैकी बहुसंख्य दोन आठवड्यांत मेले, लहान तर जवळजवळ सगळेच. हेरिंगचे खवले इतके सैल की हात लावला तरी निघतात, त्यामुळे एका अर्थी नवल नाही. पण मग अशा जातीसाठी डोळा मोठा करून आपण काय साधलं? जो मासा आधी डेकवर येऊन निदान दिसत तरी होता तो आता समुद्रात दिसेनासा मरतो. अशा मासळीत लहान मासा जिथे असतो तिथे जाळं टाकूच नये हा उपाय जास्त कामाचा.

प्रयोगालाही मर्यादा आहेत हां. पिंजऱ्यात शिकारी मासे नसतात, म्हणजे खरा आकडा जास्त असू शकतो, आणि पिंजऱ्यानेच मासा जखमी होतो, म्हणजे खरा आकडा कमीही असू शकतो. म्हणून सोबत ट्रॉलमध्ये न गेलेले मासेही तसेच पिंजऱ्यात ठेवून तुलना करावी लागते, आणि ते न केलेला अभ्यास दिसला तर मी तरी त्याचा टक्केवारीचा आकडा कुठे वापरणार नाही.

पर्ससीनवाले अख्खा थवाच सोडून देतात म्हणतात, ते काय असतं?

पर्ससीनने मासळीच्या थव्याला वेढा घातला, खालून दोरी ओढून तोंड बंद केलं, आणि मग कळलं की मासळी लहान आहे किंवा जातच दुसरी आहे किंवा कोट्यापेक्षा फार जास्त आहे. मग जाळ्याची एक बाजू पाण्याखाली सोडून थवा बाहेर काढून देतात, मासा डेकवर आलाच नाही म्हणून कोणी नोंदवत नाही. पण जाळं जसं आवळत जातं तशी गर्दी वाढते, ऑक्सिजन कमी होतो, मासे एकमेकांना घासतात, आणि मॅकरेलसारखा नाजूक कातडीचा मासा अशा गर्दीतून सुटला तरी पुढच्या काही दिवसांत मोठ्या संख्येने मरतो हे उत्तर समुद्रातल्या प्रयोगांत दिसलंय. सोडायचंच असेल तर लवकर सोडा, हे उत्तर सोपं आहे. नॉर्वेत त्यासाठी जाळ्याच्या सात-अष्टमांश लांबीवर खुणेचा बोया लावायचा नियम आहे, तो बोया बोटीवर आला की नंतर थवा सोडायचा नाही, पकडला ते पकडला, नोंदवा आणि आणा.

हरवलेल्या जाळ्यांचं एवढं कौतुक का चाललंय, ती किती मारणार?

जाळ्यावर आणि जागेवर आहे. उथळ पाण्यात लाटा आणि शेवाळ गिलनेटला, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं लावतात त्या जाळ्याला, लवकर गुंडाळून टाकतात आणि ते मासेमारी करायचं थांबतं. खोल थंड पाण्यात तेच जाळं वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. नॉर्वे १९८० च्या दशकापासून दरवर्षी बोट पाठवून अशी जाळी उपसतो. सापळे आणखी वाईट, कारण आत मेलेला मासा पुढच्या माशासाठी आमिष होतो, आणि चक्र चालू. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या बाजूला चेसापीक उपसागरातून मासेमारांनाच पैसे देऊन २००८ ते २०१४ मध्ये तीस हजारांहून जास्त हरवलेले सापळे काढले. अलास्कात सापळ्याच्या जाळीला सुती दोऱ्याची शिवण ठेवायला लावतात, सापळा हरवला तर दोरा कुजतो, तोंड उघडतं आणि आतले बाहेर. या अख्ख्या विषयातला हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो.

असं कधी झालंय का की न दिसणारे मृत्यू दिसणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले?

झालंय, हिंदी महासागरात. ट्यूना पकडणाऱ्या बोटी पाण्यावर तराफे सोडतात, त्याखाली मासळी जमते. तराफ्याखाली जुनी जाळी लोंबकळत ठेवायचे आणि त्यात सिल्की शार्क अडकून मरायचे. मेलेला शार्क काही दिवसांत गळून खाली पडतो, म्हणून बोट तिथे पोचते तेव्हा जाळं रिकामं दिसतं. २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात शार्कला टॅग लावून आणि तराफ्याखाली पाण्यात उतरून बघितलं तर वर्षाला ४ लाख ८० हजार ते ९ लाख ६० हजार सिल्की शार्क असे मरत असावेत असा अंदाज निघाला, बोटीवर मोजल्या जाणाऱ्या बायकॅचच्या पाच ते दहा पट. बोटीवरच्या ऑब्झर्व्हरने, म्हणजे पकड बघून नोंदवायला बसवलेल्या माणसाने, काहीही लपवलं नव्हतं, त्याला दिसण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर न गुंतणारे तराफे वापरायचे नियम आले.

ठीक आहे, पण याने साठ्याच्या हिशोबात नेमकं काय बिघडतं?

हे जरा नीट वाचा, बाकी सगळं याच्यासाठीच आहे.

साठा मोजताना कोणी समुद्रातले मासे मोजत नाही. एक पद्धत अशी की एका वर्षी जन्मलेली पिढी धरायची, ती दरवर्षी किती पकडली गेली ते शेवटपर्यंत बेरीज करत न्यायचं, त्यात नैसर्गिक मृत्यूंची भर घालायची आणि उलटं मागे जायचं, म्हणजे सुरुवातीला निदान किती असतील ते कळतं. पुढची मॉडेल्स जास्त गुंतागुंतीची आहेत, सर्व्हेचे आकडेही घेतात, पण पकडीचा आकडा त्यांच्याही पोटात असतोच.

आता समजा लहान मासे पकडले जाऊन फेकले जातात आणि नोंदवत नाहीत. हिशोबात ते कधी जन्मलेच नाहीत. मॉडेल म्हणतं यंदा पिल्लं कमी आली, निसर्गाची अवकृपा, पाणी तापलं असेल. प्रत्यक्षात पिल्लं भरपूर आली होती, आपण ती डेकवरून फावड्याने बाहेर टाकली. चूक माणसाची आणि नाव समुद्राचं.

दुसरं, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं: न नोंदवलेला वाटा दरवर्षी तेवढाच असेल, समजा कायम वीस टक्के, तर नुकसान तसं मर्यादित राहतं. साठा खऱ्यापेक्षा छोटा दिसतो, पण वर चाललाय की खाली आणि मासेमारी प्रमाणाबाहेर आहे का हे बऱ्यापैकी बरोबर निघतं. घात होतो तो वाटा बदलला की. आणि तो कधी बदलतो? कोटा कडक केला की. कोटा कमी केला, बोटी तेवढ्याच, मासे येतातच जाळ्यात, मग जास्तीचे फेकतात, किंवा छोटे फेकून जास्त भावाचे मोठे ठेवतात. कागदावर पकड कमी झाली, मॉडेलला वाटलं मासेमारीचा दाब कमी झाला, प्रत्यक्षात दाब होता तिथेच. पुढच्या वर्षी नव्या आकड्यांनी हिशोब केला की गेल्या वर्षीचा साठा आपण वाटत होता त्यापेक्षा कमी निघतो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तसंच, दरवेळी एकाच दिशेने मागचं खोडायचं. साठा मोजणारे या प्रकाराला चांगले ओळखतात आणि तो दिसला की पहिला संशय हरवलेल्या पकडीवर घेतात. दुसरा संशय नैसर्गिक मृत्यूदर वाढल्यावर, कारण सीलने खाल्लेला मासा आणि गुपचूप फेकलेला मासा मॉडेलला सारखेच दिसतात.

नैसर्गिक मृत्यूदर म्हणजे तरी काय, तो कुठून येतो?

बऱ्याच साठ्यांसाठी कित्येक वर्षं ०.२ हाच आकडा ठोकून दिला जायचा, म्हणजे मासेमारी नसती तरी वर्षाला साधारण १८ टक्के मेले असते. मोजून नाही, सोयीने. न नोंदवलेले मृत्यू आपोआप याच डब्यात जाऊन बसतात आणि डब्यावर निसर्ग असं लिहिलेलं असल्यामुळे कोणी उघडून बघत नाही.

मग सरळ समुद्रात फेकायलाच बंदी का नाही घालत?

घातलीय. नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉक फेकायला बंदी केली आणि पुढे यादी वाढवत नेली. पण नुसती बंदी नाही केली, लहान मासा फार दिसला की तो भाग लगेच बंद करायचा, आणि कोट्याबाहेरचा मासा आणला तर दंड नाही पण त्याचे सगळे पैसेही बोटीला नाहीत. म्हणजे आणायला भीती नाही आणि मुद्दाम पकडायला फायदा नाही. हा तोल फार विचार करून साधलेला आहे.

युरोपियन युनियनने २०१३ च्या धोरणात पकडलेलं सगळं बंदरात उतरवण्याची सक्ती आणली, २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१९ पासून कोटा असलेल्या सगळ्या जातींना. तिथे अडचण मिश्र मासेमारीची. एका ट्रॉलमध्ये दहा जाती येतात, त्यातल्या एकीचा कोटा संपला की नियमाप्रमाणे बोट बांधून ठेवायची, बाकी नऊंचा कोटा पडून. असं कोण करेल? सवलती मागितल्या गेल्या, काही रास्त होत्या, म्हणजे जो मासा सोडल्यावर जगतो असं सिद्ध झालंय तो सोडू द्या. पण समुद्रात बघायला कोणी नसल्याने अंमलबजावणी कमकुवत राहिली, आणि एक विचित्र गोष्ट झाली: आता सगळं आणणार म्हणून कोट्यात फेकमालाची भर घालून कोटा वाढवून दिला, आणि फेकणं काही थांबलं नाही. म्हणजे नोंद होणारी पकड वाढायला वाव मिळाला आणि नोंद न होणारी होती तिथेच राहिली. नियम न आणता जेवढे मेले असते त्यापेक्षा जास्त मरायची सोय नियमाने करून ठेवली. माझ्या मते कॅमेरा किंवा ऑब्झर्व्हर नसेल तर असली बंदी आणूच नये.

मोजायचं कसं मग? प्रत्येक बोटीवर माणूस बसवायचा?

काही ठिकाणी बसवतात. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातल्या पोलॉक माशाच्या मासेमारीवर पूर्ण निरीक्षण असतं. पण लहान बोटीवर ऑब्झर्व्हरला झोपायला जागा नसते, पगार परवडत नाही, आणि तो बसलेला असतो त्या दिवशी बोट शहाण्यासारखी वागते, हे सगळ्यांना माहितीय.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २००६ पासून गळाच्या बोटींवर दुसरी युक्ती चालते. सगळ्या फेऱ्यांवर कॅमेरा, पण फुटेज सगळं कोणी बघत नाही, साधारण दहा टक्के कुठलंही निवडून बघायचं आणि लॉगबुकशी ताडायचं. जुळलं तर लॉगबुक खरं मानायचं. नाही जुळलं तर सगळं फुटेज बघायचं आणि तो खर्च बोटीच्या डोक्यावर. त्यामुळे कप्तान स्वतःच नीट लिहितो, फेकलेलं पण लिहितो. कॅमेऱ्याचा उपयोग पकडायला कमी आणि वही खरी ठेवायला जास्त.

पाण्याखालच्या मृत्यूंना कॅमेरा उपयोगी नाही. तिथे पिंजरे, टॅग, आणि माशाची प्रतिक्रिया तपासणं, म्हणजे शेपूट धरली तर झटका देतो का, उलटा केला तर सुलटा होतो का, अशा पाच-सहा खुणा बघून तो जगेल का याचा अंदाज बांधता येतो. हे डेकवर एका मिनिटात होतं.

मासेमार खोटं लिहितात असंच म्हणायचंय ना तुम्हाला?

नाही. शार्कचं उदाहरण वर दिलंय, तिथे कोणीच खोटं बोललं नव्हतं. निसटलेला मासा कप्तानाने कसा लिहायचा, त्याला दिसला तर पाहिजे. खोटेपणा असतो तिथे असतो, बेकायदेशीर बोटींसाठी बंदरातच माल अडवायचा आंतरराष्ट्रीय करार २०१६ पासून लागू आहे, त्याचा उपयोगही होतो. पण बराचसा प्रकार नियमांनीच तयार केलेला आहे. लहान मासा आणला तर दंड, फेकला तर कोणी विचारत नाही, अशा वेळी फेकणारा नियमच पाळत असतो.

खात्रीचा आकडाच नाही तर हिशोबात काय घालणार, अंदाज घालण्यापेक्षा रिकामं सोडलेलं बरं नाही का?

रिकामं सोडणं म्हणजे शून्य लिहिणं, आणि शून्य हाही अंदाजच आहे, फक्त सगळ्यात चुकीचा. दहा ते तीस टक्क्यांमध्ये काहीही असेल असं वाटत असेल तर दोन्ही टोकं घालून मॉडेल चालवा आणि कोटा ठरवणाऱ्याला दोन्ही उत्तरं दाखवा. दोन्ही टोकांना साठा ठीक दिसला तर प्रश्न मिटला, आणखी संशोधनावर पैसे घालायची गरज नाही. एका टोकाला कोसळताना दिसला तर मोजायचे पैसे नेमके तिथे घाला. अटलांटिकच्या स्कॅलॉप या शिंपल्यांच्या हिशोबात हे करतात, ड्रेजच्या, म्हणजे तळावरून ओढायच्या लोखंडी चौकटीच्या, वाटेत चिरडून समुद्रातच राहिलेल्या स्कॅलॉपसाठी वेगळा मृत्युदर धरतात. आकडा कच्चा आहे, पण जागा केलेली आहे.

गिअर म्हणजे जाळी-दोर वगैरे बदलून काही होतं का की फक्त बोलायच्या गोष्टी?

होतं. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये नॉर्वेचा नॉर्डमोर ग्रिड, म्हणजे तिरकी बसवलेली सळ्यांची जाळी, कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि मासा वरच्या भोकातून बाहेर पडतो, १९९० च्या दशकात उत्तर अटलांटिकभर पसरला. बेरिंग समुद्रात चपट्या माशांच्या ट्रॉलचे लांब दोर तळाला घासत जायचे आणि खेकडे त्याखाली येऊन मरायचे, वर काहीच दिसायचं नाही. दोरांना ठरावीक अंतरावर चाकांसारखे गोळे लावून ते तळापासून काही इंच उचलले, खेकड्यांचे मृत्यू कमी झाले, मासळी तेवढीच आली आणि मग तो नियम झाला. मासळी कमी झाली असती तर बोटीवाल्यांनी पहिल्याच फेरीत गोळे काढून ठेवले असते, त्यामुळे गिअर डिझाइन करताना पहिला प्रश्न तोच विचारावा.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड याच्यामुळेच संपला का?

एकट्या याच्यामुळे असं म्हणणं चूक. २ जुलै १९९२ ला कॅनडाने तिथली कॉडची मासेमारी बंद केली, तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. कारणांमध्ये मुळात साठा खूप मोठा आहे असा चुकलेला हिशोब होता, कोटा जास्त होता, मासळी कमी होत असताना उरलेली एका जागी गोळा व्हायची म्हणून बोटींना भरपूर मिळत राहायची, पाणीही थंड होतं. लहान कॉड फेकला जात होता आणि तो हिशोबात नव्हता यावरही शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं, काहींच्या मते तो वाटा लहान नव्हता. धंदेवाईक मासेमारी परत उघडली ती २०२४ मध्ये, १८ हजार टनांच्या कोट्यावर, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

शाश्वत मासळीचं लेबल असेल तर हे सगळं धरलेलं असतं का?

एमएससीसारख्या (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेच्या) लेबलमध्ये साठा, परिसंस्था आणि मॅनेजमेंट तिन्ही तपासतात, त्यामुळे फेकमाल आणि बायकॅच विचारात येतो. पण तपासणारा उपलब्ध माहितीवरच बोलतो. त्या मासेमारीचा अहवाल उघडून बघा, न दिसणाऱ्या मृत्यूंवर किती लिहिलंय, आकडा दिलाय की नगण्य असं एका शब्दात संपवलंय, आणि नगण्य म्हटलं असेल तर ते कशावरून.